चिकट बॅटिंग, पिना की कच्चा टाका?

पलंगभर क्विल्ट जमिनीवर अंथरून, रांगत रांगत दोन-तीनशे सेफ्टी पिना लावल्या की पुढचे दोन दिवस माणूस कठड्याला धरून जिना उतरतो. क्विल्टचं वरचं कापड, खालचं अस्तर आणि मधली बॅटिंग, म्हणजे मऊ भरावाचा थर, हे तिन्ही टीप घालेपर्यंत सरकू नयेत म्हणून या पिना. दोन्ही बाजूंना गोंद असलेली, इस्त्रीनं चिकटणारी बॅटिंग मी आणली ती एवढ्याच कारणासाठी. त्यामुळे गुडघे कुरकुरणाऱ्यांना तिचा मोह का पडतो, हे मला वेगळं सांगायला नको. तिच्यावर मी तीन क्विल्ट केले, दोन छोटे आणि एक पलंगाचा. छोट्यांबद्दल माझी काही तक्रार नाही.

उलट भिंतीवर टांगायच्या तुकड्यासाठी किंवा टेबलावरच्या पट्टीसाठी ती छानच. सगळा तुकडा इस्त्रीच्या टेबलावर मावतो, मध्येच थांबून पिना काढाव्या लागत नाहीत, आणि चिकटवल्यावर गोल किंवा वेडावाकडा आकार कापला तरी थर हलत नाहीत. वेळही वाचतो. एवढंच काम करायचं असेल तर पुढचं नाही वाचलं तरी चालेल.

मोठ्या क्विल्टला मात्र गणित बदलतं. ही इस्त्री घासायची नसते. टेकवायची, थांबायचं, उचलायची, शेजारी टेकवायची. इस्त्रीचा तळ साधारण २०० चौरस सेंटीमीटर धरला, तर २ बाय २.५ मीटरच्या क्विल्टवर एका बाजूनं अडीचशे वेळा टेकवावी लागते. दर वेळी आठ-दहा सेकंद धरले तरी अर्धा-पाऊण तास गेला. आणि एका बाजूनं भागत नाही, कारण बॅटिंगचं कामच मुळी ऊब अडवायचं. वरच्या इस्त्रीची धग ती खालच्या अस्तरापर्यंत धड पोचू देत नाही. म्हणून क्विल्ट उलटा करायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शिवाय इस्त्रीचं टेबल एवढं मोठं नसतं, त्यामुळे बाकीचा भार कडेनं लोंबकळून चिकटलेलंच ओढत राहतो. शेवटी मी जमिनीवर जाड चादरी घालून बसलो. ज्या गुडघ्यांसाठी एवढा खटाटोप केला, त्यांच्यावरच.

तेही चाललं असतं. माझं मन उडालं ते मशीनवर. मोठा क्विल्ट मशीनच्या हाताखालून न्यायचा म्हणजे त्याची गुंडाळी करायची, दाबायची, वळवायची, परत उलगडायची. दर वळणाला गोंद थोडा थोडा सुटत जातो, आणि आधी सुटतो तो खालून, जिथे आपली नजर नसते. वरून सगळं गुळगुळीत दिसतं, हात फिरवला तरी शंका येत नाही. मधला अर्धा भाग शिवून झाल्यावर मी क्विल्ट पालथा केला, तर अस्तराला वीतभर लांबीची चुणी पडलेली आणि तिच्यावरून टिपेच्या पाच ओळी गेलेल्या. ती उसवण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. तिथे परत इस्त्री केली, पण दुसऱ्यांदा गोंदानं पहिल्यासारखी पकड काही घेतली नाही. दोष माझ्या इस्त्रीचा असेल, पाकीट फार दिवस घडी करून ठेवलेलं होतं त्याचाही असेल. पण पिन निघाली तर हाताला कळतं, टाका तुटला तर डोळ्यांना दिसतं. गोंद कुठे सुटला, हे कळायला टीप पडावी लागते. मला तेच सोसलं नाही.

आणखी एक बारीकशी अडचण म्हणजे ही बॅटिंग आधी भिजवता येत नाही, गोंदच निघून जाईल. सुती बॅटिंग पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटते. ज्यांना तो सुरकुतलेला, जुना वाटणारा पोत आवडतो त्यांना हे बरंच. सपाट हवा असणाऱ्यांनी आधी विचार करावा.

मग पर्याय काय? फवारायचा गोंद झटपट आहे, पण त्याचा वास मला झेपत नाही. खिडक्या उघड्या हव्यात, आसपास ज्योत नको, आणि जमिनीवर उडालेले थेंब पुढे आठवडाभर पायाला चिकटतात. पिना भरवशाच्या. बाक दिलेल्या सेफ्टी पिना घ्या, मुठीमुठीच्या अंतरावर लावा, आणि अस्तर आधी चिकटपट्टीनं जमिनीला लावून घ्या, ताठ पण ताणलेलं नको. बहुतेकांना एवढं पुरावं. माझी तक्रार गुडघ्यांची, आणि टीप घालताना दर थोड्या वेळानं थांबून पिन काढायची.

मी आता कच्च्या टाक्यावर स्थिरावलोय, तोही टेबलावर बसून. क्विल्टच्या रुंदीपेक्षा थोड्या लांब, गुळगुळीत अशा दोन लाकडी पट्ट्या लागतात. एकीवर अस्तर गुंडाळायचं, दुसरीवर वरचा थर. टेबलावर हातभर अस्तर उलगडायचं, त्यावर बॅटिंग, त्यावर वरचा थर, हातानं सारखं करायचं आणि लांब सुईनं आडवेतिरके, तीन-चार बोटांच्या अंतरानं टाके घालायचे. तेवढं झालं की पुढचं उलगडायचं. वजन पट्टीवर असल्यामुळे काही लोंबत नाही आणि अस्तर आपोआप सरळ राहतं. पलंगाच्या क्विल्टला माझ्या दोन संध्याकाळी जातात, रेडिओ चालू असेल तर त्या जाणवतही नाहीत. त्यानंतर केलेल्या चार क्विल्टमध्ये मागे एकही चुणी सापडलेली नाही. अर्थात चार म्हणजे काही फार नव्हेत.

त्रास यातही आहे. टाका सैल पडला तर मशीनच्या फूटचं, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पट्टीचं, टोक त्यात अडकतं. कच्च्या दोऱ्यावरूनच टीप गेली तर तो ओढून निघत नाही, दोन्हीकडून कापून चिमट्यानं तुकडे उपटावे लागतात. म्हणून जिथे टीप जाणार ती रेघ शक्यतो टाळून टाके घाला. दोरा बारीक सुती आणि पांढराच घ्या, गडद दोऱ्याचा रंग धुण्यात उतरू शकतो.

चिकट बॅटिंगचं पाकीट आधीच घेऊन ठेवलं असेल तर फेकू नका. उशीच्या अभ्ऱ्याएवढे तुकडे कापा आणि छोट्या कामांना वापरा. मोठ्यालाच वापरायची असेल, तर चिकटवल्यावरही वीत-दीड वीत अंतरानं कच्च्या टाक्याच्या ओळी घाला, आणि मशीनवर दर दोन ओळींनंतर क्विल्ट पालथा करून बघा.