"ते फक्त सिस्टीमसाठी आहे सर"

परभणीचा आहे मी, वाळूजला एका कंपनीत ५ वर्षं सॅपचा (कंपनीचा हिशोब, माल, पगार सांभाळणारं सॉफ्टवेअर) सपोर्ट बघायचो, पगार बेताचा पण वेळेवर. मागच्या वर्षी एका मोठ्या आयटी कंपनीच्या एचआर मॅडमचा फोन आला, कंपनी एवढी मोठी की नाव घेतलं तर आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं पण "हां हां, ती का" म्हणतील, म्हणून तर डोळे झाकून भरोसा ठेवला ना. मॅडम म्हणल्या पूर्ण वर्क फ्रॉम होम आहे सर, गावाकडून करा. मला अजून काय पाहिजे, वडलांचे गुडघे गेलेत, आई एकटी कुठं कुठं बघणार, घरी राहून नोकरी म्हणजे लॉटरीच की राव.

तीन राऊंड झाले, सिलेक्ट झालो. मग म्हणे आधी राजीनामा टाका, जुन्या कंपनीनं तो अ‍ॅक्सेप्ट केल्याचा मेल पाठवा, त्याच्यानंतर ऑफर लेटर सोडतो. इथंच डोकं चालायला पाहिजे होतं. नाही चाललं. टाकला राजीनामा, ६० दिवसाची नोटीस चालू झाली आणि मॅडम गायब, फोन उचलेनात, व्हॉट्सअ‍ॅपला निळ्या टिका पण उत्तर नाही, मेल टाकला की "प्रोसेसमध्ये आहे". ४७व्या दिवशी लेटर आलं. त्यात बेस लोकेशन पुणे! फोन लावला तर (आता बरा उचलला) म्हणे ते फक्त सिस्टीमसाठी आहे सर, काहीतरी टाकावंच लागतं, तुम्ही टेन्शन घेऊ नका. मी म्हणलं मग एवढंच मेलवर लिहून द्या. हो हो देते म्हणल्या. तो मेल अजून यायचाय.

पगाराचंही तसंच. ८ लाख ४० हजाराचं पॅकेज, हातात साठेक येतील म्हणल्या होत्या. लेटरात १५ टक्के व्हेरिएबल, म्हणजे मिळाला तर मिळाला असा पगार, कंपनीच्या वाट्याचा पीएफ आपल्याच पॅकेजमधून, इन्शुरन्स आपल्याच, आणि ग्रॅच्युइटी पण त्यातच धरलेली जी ५ वर्षं टिकलो तर मिळणार. मग आपला पीएफ आणि २०० रुपये प्रोफेशनल टॅक्स गेला की हातात ४८ हजार. पण नोटीसचे १३ दिवस राहिलेले, जुन्या जागेवर माणूस घेतलेला, जाणार कुठं? सही केली.

घरी ब्रॉडबँड घेतलं, लाइटीचा भरोसा नाही म्हणून २३ हजाराचा इन्व्हर्टर बसवला. तिसऱ्या आठवड्यात मेल, आठवड्यातून ३ दिवस ऑफिसला यावंच लागेल, गेटवर कार्ड स्वाइप केलं तरच हजेरी, ९ तास भरले नाहीत तर रजा कटणार. मॅनेजरला विचारलं तर एचआरला विचार, एचआर म्हणती मॅनेजरच्या हातात आहे, कंपनीच्या सिस्टीमवर तक्रारीचं तिकीट टाकलं तर कुणी काही न बोलता दोन दिवसात "रिझॉल्व्ह्ड" म्हणून बंद. तीनदा टाकलं, तीनदा बंद. भरती करणाऱ्या मॅडमला विचारावं तर त्यांचं म्हणणं, आता तुम्ही जॉइन झालात सर, माझ्याकडं नाही येत ते.

आता रविवारी संध्याकाळी परभणीहून पनवेल एक्स्प्रेस धरतो, बहुतेक वेळा वेटिंगच, सकाळी पुणे, तिथून हिंजवडी. आणि खरी गंमत पुढंच आहे, माझी अख्खी टीम बेंगळुरूला! पुण्याच्या ऑफिसात मला ओळखणारा एक माणूस नाही. ॲपवर खुर्ची बुक करायची, ती भेटली तर हेडफोन घालून दिवसभर बेंगळुरूशी बोलायचं, नाही भेटली तर कॅन्टीनमध्ये बसून बोलायचं, स्वाइप झालं म्हणजे झालं. एवढ्यासाठी दर आठवड्याला रात्रभर गाडीत. पीजीचं भाडं येगळंच.

सोडून दे म्हणतेत सगळे. पण १ लाखाचा जॉइनिंग बोनस घेऊन बसलोय, वर्षाच्या आत सोडलं तर परत भरायचा, आणि तो तर वडलांच्या दवाखान्यात गेला. अजून चार महिने काढू लालो.

मागच्या आठवड्यात माझ्या जिंतूरच्या मित्राला त्याच मॅडमचा फोन, तीच रेकॉर्ड, पूर्ण वर्क फ्रॉम होम सर, गावाकडून करा. त्याला म्हणलं एकच बोल, राजीनामा टाकायच्या आधी लोकेशन परभणी असं लेटरात लिहून द्या आणि पगाराचा ब्रेकअप पाठवा. बोलला तो तसं. विचारून कळवते म्हणल्या. आठ दिवस झाले, फोन नाही.