मोबाइल बिल ऑटोपेवर टाकलंय? मग तिसरं पान उघडा

सोसायटीची खजिनदार आहे मी. वॉचमनच्या टॉर्चच्या सेलचंसुद्धा व्हाउचर मागते, त्यावरून लोक मागे हसतात हे मला ठाऊक आहे. आणि माझ्याच मोबाइल बिलातून सात महिने दरमहा ११६ रुपये ८२ पैसे जात होते. एकूण ८१७.७४. हसा आता.

माझा पोस्टपेड प्लॅन ३९९ चा. १८ टक्के जीएसटी धरून ४७०.८२. दर महिन्याला तेवढंच, म्हणून कंपनीच्या ॲपमधून कार्डावर ऑटोपे लावला. एका वेळी कापायच्या रकमेची कमाल मर्यादा २,००० आधीच भरलेली होती, मी फक्त ओटीपी टाकला. तुम्ही ती खाली आणा. बिल ४७० चं असेल तर ५०० पुरे.

मग कधीतरी फोनवर ९९ रुपयांच्या गेम पॅकची खिडकी उघडली असणार. कंपनीचं म्हणणं, मी दोनदा होकार दिला. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१३ च्या आदेशानुसार अशी सेवा लावायला ग्राहकाची दोनदा संमती लागते, तेव्हा कंपनीला 'दोनदा' म्हणणं भागच आहे. मला एकदाही आठवत नाही. खिडकी बंद करायला गेलं की बोट भलतीकडे पडतं, हे कोणाचं झालेलं नाही?

पण खरी चीड माझी मलाच येते ती पुढच्या गोष्टीची. पैसे कापायच्या किमान २४ तास आधी रक्कम कळवायची, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. मेसेज आला होता. ५८७.६४. मी तो वाचला. चक्क वाचला! आणि मनात काय आलं, तर 'मेल्यांनी दर वाढवले वाटतं'. दर वाढतातच, त्यामुळे अगदीच वेडगळ विचार नव्हता. पण ९९ वर १८ टक्के मला झोपेत काढता येतात, आणि ५८७ मधून ४७० वजा करायला सात महिने लागले. सातही मेसेज अजून फोनमध्ये आहेत. पुसवत नाहीत.

बिलाचं म्हणाल तर ॲपमध्ये फक्त 'एकूण देय' दिसतं आणि खाली हे एवढं मोठं बटण, 'भरा'. तपशील हवा तर पीडीएफ, तिला पासवर्ड. पहिल्या पानावर जाहिरात. तिसऱ्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात 'मूल्यवर्धित सेवा : ९९.००'. ती मुलाने दाखवली. "आई, तू गेम कधीपासून खेळतेस?"

सेवा बंद करायला १५५२२३ हा क्रमांक आहे. ते काम झालं. पैसे परत मागितले आणि तमाशा सुरू झाला. चॅटबॉट मला नवे प्लॅन दाखवत बसला. १९८ वर तक्रार नोंदवली, दुसऱ्याच दिवशी मेसेज : 'आपल्या तक्रारीचे समाधान झाले आहे'. कोणाचं झालं? पुन्हा फोन, पुन्हा नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून. तक्रार क्रमांक मागून घ्या, ते आपणहून देत नाहीत. तो नसेल तर अपील अडतं. ट्रायकडे जावं तर ते वैयक्तिक तक्रारी घेतच नाहीत, कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा म्हणतात. म्हणजे सुनेने सासूची तक्रार सासूच्याच बहिणीकडे न्यायची! अपीलाला पैसे पडत नाहीत, एवढंच काय ते भलं. तिथून दोन ओळींचं उत्तर आलं : संमतीची नोंद उपलब्ध आहे. नोंद दाखवा म्हटलं तर तारीख आणि वेळ असलेला एक फोटो. त्यात माझा नंबर सोडून माझं काहीच नव्हतं. शेवटी 'सदिच्छा म्हणून' एका महिन्याचे ११६.८२ पुढच्या बिलात वळते केले.

मधल्या काळात रागाच्या भरात मी ऑटोपे रद्द केला आणि वादातलं बिल भरायचं नाही म्हणून अडून बसले. ही चूक करू नका, वाद नसलेली रक्कम भरून टाका. माझं आउटगोइंग बंद झालं, वर उशिराचा दंड १०० अधिक जीएसटी, ११८ रुपये.

हिशोब वहीत मांडून पाहिला. भांडायच्या आधी तोटा ८१७.७४. दोन महिने भांडल्यावर ८१८.९२.