सुरीच्या मुठीसाठी मॅमथचा सुळा घ्यावा की दाढ?

हाताने घडवलेल्या सुरीला हजारो वर्षं जुनी मूठ हवी, इथवर ठरलं की खरा घोळ सुरू होतो. सुळा आणि दाढ, दोन्ही त्याच मॅमथचे, सैबेरिया-अलास्काच्या गोठलेल्या जमिनीतून निघालेले. सुरीवर चढले की मात्र एकमेकांशी काही जुळत नाही. मी दोन्ही लावून वापरलेत.

देखणेपणात सुळा पुढे, यात वाद नाही. सालीजवळचा तुकडा असेल तर तपकिरी-हिरवट छटा, आणि जमिनीतल्या लोहामुळे व्हिव्हियनाइट हे निळं खनिज धरलं असेल तर चक्क निळा. हाताला ऊबदार लागतो, वापराने खुलतो. तापू दिला नाही तर घासायलाही गुणी. घेताना आडवा छेद बघा: बाहेरच्या कडेजवळ एकमेकींना छेदणाऱ्या रेषांचा कोन मॅमथमध्ये साधारण 90 अंशांच्या आत, आजच्या हत्तीत 115च्या वर. कायदा मात्र आधी तपासा. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या 2003च्या निकालाने मॅमथचा सुळाही हस्तिदंतबंदीत आला. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियातही बंदी आहे.

दाढ कच्ची असेल तर पापुद्रे सुटतात, म्हणून निर्वात भांड्यात रेझिन मुरवलेलीच घ्यावी. घासताना ती जीव काढते. एनॅमलच्या नागमोडी पट्ट्या कडक, मधला भाग मऊ; सँडपेपरच्या मागे टणक आधार नसेल तर मधे चर पडतात. ड्रिलची टोकंही लवकर बोथट होतात. आणि हो, हाताला गार, थोडी प्लास्टिकसारखी लागते. हे मला आजही खटकतं.

तरी माझा निर्णय झाला तो एका क्षुल्लक वाटणाऱ्या कटकटीने. हवा कोरडी झाली की मुठीच्या दोन बाजूंना बसवलेल्या सुळ्याच्या पट्ट्या किंचित आक्रसतात, पोलाद आक्रसत नाही. मग एकजीव घासलेल्या कडेला टँग, म्हणजे पात्याचा मुठीत जाणारा भाग, केसभर वर येते. डोळ्यांना दिसत नाही, पण कडेवरून बोट फिरवलं की नखाला अडते, आणि जरा वेळ सलग कापत बसलं की तळहाताला नेमकी तिथेच टोचते. घासून सपाट करावी तर दमट हवेत पट्टी फुगते आणि उलटी पायरी तयार! मेण लावून कमी झाली, गेली नाही. कदाचित माझा तुकडा पुरता वाळलेला नसेल; कुणाचा अनुभव वेगळाही असेल. पण दाढेच्या मुठीवर ती कड अजून नखाला लागलेली नाही.

टँग मुठीच्या आत लपणारी असेल तर ही पायरी उद्भवतच नाही. तिथे मीही सुळ्याला नाही म्हणणार नाही. कपाटात मिरवायच्या सुरीलाही तो चालेल. रोज हातात घ्यायची फुल टँग (टँग मुठीच्या कडेपर्यंत पोचून बाहेरून दिसणारी) सुरी असेल तर मात्र दाढेचा विचार करा, आणि पट्ट्या जरा जाडच मागवा. एनॅमल सपाट होईस्तोवर बराच माल घासण्यात जातो.