घरी बाईक उचलायला जॅक घेताय? आधी गाडीखाली वाकून बघा

गेल्या पावसाळ्यात गगनबावड्यावरनं खाली आलो आणि घरी येऊन बघतोय तर माझ्या रॉयल एनफिल्ड हिमालयनच्या पुढच्या डाव्या शॉकपवर तेलाची धार. आतलं तेल अडवणारं ऑइल सील गेलं होतं. मेस्त्रीकडं गेलो तर त्याच्या दारात आधीच अकरा गाड्या, म्हणाला चार दिवसांनी बघू. मी म्हटलं सील तर बदलायचंय, पाने आहेत, व्हिडिओ बघितलेत, घरीच करू. इथनं सगळं सुरू झालं.

माझी गाडी हिमालयन ४११, बीएस-६ मधली, १९९ किलो. डबल स्टँड कंपनीकडनंच आहे त्यामुळं मागचं चाक हवेत राहतं, चेन साफ करा, तेल मारा, पंक्चर काढायला चाक खोला, काय अडत नाही. अडतं ते पुढच्या चाकाला. डबल स्टँडवर असताना पुढचं चाक जमिनीवर टेकलेलं असतं, ते काढायचं तर इंजिनाखाली काहीतरी टेकू पाहिजे. आपल्याकडं टेकू म्हणजे काय, वीट. मी पण चार विटा रचल्या, वर फळी, आणि आमच्या हिला म्हटलं मागनं कॅरिअर धर. ही म्हणाली, "मी धरतो की, तू कर." ( कोल्हापूरच्या बाहेरच्यांनी दचकू नये, आमच्यात बायका असंच बोलतात. ) एक्सल निम्मा बाहेर आला आणि खालची वीट मधोमध तडकली. गाडी पडली नाही, पण एका बाजूला अशी कलंडली की दोघांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या रात्री ठरवलं, जॅक घ्यायचा.

पहिला दौरा लक्ष्मीपुरीत. हार्डवेअरच्या दुकानात जॅक म्हटलं की कारचाच दाखवतात. दुकानदार म्हणाला दोन टनाचा बॉटल जॅक घ्या, तुमची गाडी काय दोनशे किलोची, आयुष्यभर बघायला नको. आणि इथंच सगळे फसतात, मी पण फसणार होतो. टन हा प्रश्नच नाही हो. बाईकसाठी मिळतो तो साधा कात्री जॅकसुद्धा, म्हणजे स्क्रू फिरवला की कात्रीसारखा वर जाणारा, साडेचारशे-पाचशे किलोचा असतो, आपल्या इथली कुठलीही गाडी त्याला काय जड नाही. बॉटल जॅकचं डोकं रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडंसं मोठं, त्यावर बाईक ठेवणं म्हणजे काठीवर कळशी ठेवण्यासारखं. कारला चालतं कारण कारची बाकी तीन चाकं जमिनीवर असतात. कारच्या डिकीतला कात्री जॅक पण तसाच, वरची खाच कारच्या पत्र्याच्या कडेसाठी केलेली, बैठक तळहाताएवढी. तो मी भावजींकडनं आणून लावून पण बघितला. दोन इंच वर गेला आणि डुलायला लागला, लगेच खाली घेतला.

तर बघायचं काय? पहिलं म्हणजे गाडीखाली बॅटरी घेऊन वाका आणि जॅक नक्की कशावर टेकणार ते बघा. हिमालयनला बरंय, इंजिनाखालनं फ्रेमचे पाईप जातात, त्यावर जॅक घेता येतो. पण त्याच्याखाली बॅश प्लेट आहे, म्हणजे दगडापासनं इंजिन वाचवणारा पत्रा. सरळ त्यावर जॅक चढवला तर पत्रा वाकणार. एकतर प्लेट खोला नाहीतर फ्रेमच्या पाईपाखाली बरोबर येतील असे दोन लाकडी ठोकळे लावा. आता आमच्या भाच्याचा जुना ड्यूक २०० बघा, त्याचा सायलेन्सरच इंजिनाच्या पोटाखाली. तिथं जॅक घालणार कुठं? त्याला जॅक नकोच, पॅडॉक स्टँड, म्हणजे मागनं लावून मागचं चाक उचलायचं सुटं स्टँड. त्याचं पुढं सांगतो.

दुसरं, उंची. सगळ्यात खाली बसल्यावर जॅक किती उंच राहतो आणि पूर्ण वर गेल्यावर किती, हे दोन आकडे. हिमालयनच्या पोटाखाली २२० मिलिमीटर जागा आहे म्हणजे जॅक आरामात शिरतो. नव्या क्लासिक ३५० ला १७० आहे, तिथं ठोकळा आणि जॅक दोन्ही घालायचं तर मोजूनच घ्यावं लागतं. मी बाईकचा कात्री जॅक ऑनलाइन घेतला, कुठनं ते सांगत बसत नाही, जाहिरातीत बंद उंची ९ सेंटिमीटर लिहिलेली, घरी टेप लावला तर रबरासकट ११. फोन केला तर पलीकडची बाई म्हणते, सर रबर काढून मोजा. रबर काढून वापरायचा आहे का मला? परत पाठवायचा खर्च मीच करायचा होता म्हणून सोडून दिलं, हिमालयनला फरक पडत नव्हता. क्लासिकवाल्यानं मात्र तिथंच भांडावं.

मला पडला साडेचार हजाराला. दिसायला कारच्या जॅकसारखाच, पण वर रुंद पट्टा, त्यावर रबर, खाली रुंद बैठक, वजन दहा किलोच्या आसपास. गाडीखाली आडवा घालायचा म्हणजे हँडल बाजूला येतं आणि बैठकीची लांब बाजू गाडीला आडवी पडते, त्यामुळं डावीकडं-उजवीकडं कलंडायला चांगला अडवतो. पुढं-मागं मात्र अरुंद. म्हणून नुसत्या जॅकवर सगळी गाडी अधांतरी ठेवायचा नाद करू नका, डबल स्टँड आणि जॅक असे दोन टेकू पाहिजेतच.

वापरल्यावर कळलेली गोष्ट अशी. हा जॅक सगळ्यात खाली असताना फिरवायला सगळ्यात जड जातो. कारण कात्रीचे हात जवळजवळ आडवे पसरलेले असतात, स्क्रू ओढतोय आडवं आणि वजन दाबतंय खाली, निम्म्याहून जास्त ताकद वायाच. जसजसे हात उभे होत जातात तसा हलका होतो. म्हणजे गाडी उंच असेल तर जॅक आधी रिकामाच वर येतो आणि वजन घेतो तेव्हा सोपा झालेला असतो. मी सुरुवातीला शहाणपणा केला, जॅकवर तीन इंचाचा ओंडका ठेवला, म्हटलं उंची वाढेल. वाढली की, पण जॅकला तळातनंच वजन उचलावं लागलं, हँडल फिरवून खांद्याचा बाजार उठला. ओंडका काढून पातळ ठोकळे ठेवल्यावर निम्म्या जोरात काम झालं. पण उलटी बाजू पण आहे, कात्री जेवढी उंच तेवढी डुलते. त्यामुळं माझं आता ठरलंय, मधली उंची, पुढचं चाक बाहेर येण्यापुरतं चार-पाच इंच, बास.

सोबत आलेलं हँडल भंगारात घाला. आखूड आहे, प्रत्येक फेऱ्याला बोटाची ढोपरं फरशीवर घासतात. माझ्या जॅकच्या स्क्रूला १९ चा बॉक्स पाना बसतो, रॅचेट लावला आणि मग कुठं जीवात जीव आला. एकानं सांगितलं इम्पॅक्ट गन लाव, झटक्यात वर जाईल. जाईल, पण थ्रेड पण झटक्यात जाईल. हातानंच फिरवा, वर्षातनं दोन वेळा घासून पुसून ग्रीस मारा, आमच्या पावसात उघड्यावर ठेवला तर आठ दिवसात तांबडा होतो.

वरचं रबर हा खरा घोटाळा. गुळगुळीत, त्यात इंजिनाखाली थोडं तेल असतंच. तिसऱ्या वेळी ठोकळा अर्धा इंच सरकला. तेव्हा पुढचं चाक, मडगार्ड, दोन्ही शॉकप काढून ठेवलेले. आणि हे कुणी सांगत नाही, पुढचं सामान निघालं की गाडीचं वजन मागं जातं, जॅक लावताना पुढं टेकलेली गाडी आता मागं बसायला बघते. त्याच हालचालीत ठोकळा सरकला. मागचं चाक काढलं की बरोबर उलटं, गाडी पुढं जड होते. तेव्हापासनं दोन गोष्टी करतो. डबल स्टँड मिटू नये म्हणून काम मागचं असेल तर स्टँड आणि पुढचं चाक पट्ट्यानं आवळून बांधतो, आणि ठोकळ्यांना फ्रेमचा पाईप बसेल अशी गोल खाच पाडून घेतलीय. खाच सुताराकडनं, पन्नास रुपये घेतले, वर चहा पण त्यानंच पाजला.

आता हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर उचलणारा जॅक. आमच्या एका मित्राकडं आहे, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कामाला आहे, तिकडंच खोली, पुढं गुळगुळीत सिमेंटचा कोबा. पायानं पंप मारायचा, गाडी लिफ्टसारखी वर. दोन हात आहेत खाली घालायला, पट्टे आहेत बांधायला, चाकं आहेत ढकलायला. खरं सांगतो, बघून जीव जळला. पण त्यानं रात्री गाडी वर ठेवली आणि लॉकचा दांडा अडकवायला विसरला, सकाळी गाडी दोन-तीन इंच खाली. सीलमधनं तेल जरा जरी सुटलं की हायड्रॉलिक बसत जातो. स्क्रूच्या जॅकचं तसं नाही, जिथं थांबवला तिथंच, महिनाभर ठेवा. ज्याचं काम एका बैठकीत होत नाही, पार्ट यायची वाट बघायची असते, म्हणजे आपण सगळेच, त्याला हा फरक लई मोठा आहे. शिवाय तो हायड्रॉलिक तीस किलोच्या वर, किंमत माझ्या जॅकच्या दुप्पट-तिप्पट, आणि माझं घर मंगळवार पेठेत, बोळ तीन फुटाचा, अंगणात शहाबादी फरशी, तीपण मोरीकडं उतरती. त्याची ती छोटी लोखंडी चाकं फरशीच्या फटीत अडकणार आणि उतारावर आपणहून मोरीकडं निघणार. पेव्हर ब्लॉकवर तर बघायलाच नको. ज्याच्याकडं सपाट कोबा आणि दोन-तीन गाड्या आहेत त्यानं बिनधास्त घ्यावा.

पॅडॉक स्टँडचं थोडक्यात. डबल स्टँड नसलेल्या गाडीला तोच. रबराच्या एल आकाराच्या कपावर स्विंगआर्म ( मागचं चाक धरणारा दांडा ) टेकवणारा घेतला तर रंग घासतो आणि घसरतो पण, त्यापेक्षा स्विंगआर्मला बॉबिन, म्हणजे स्टँड अडकवायच्या गोल खुंट्या, लावायची भोकं असतील तर बॉबिनवाला घ्या. बॉबिनचा बोल्ट ६, ८, १० मिलिमीटर असा वेगवेगळा येतो, गाडीचं भोक मोजून मगच मागवा, भाच्यानं अंदाजानं मागवले आणि ते अजून ड्रॉवरमध्ये पडलेत. एकट्यानं चढवायचं असेल तर साईड स्टँडखाली फळी घालायची म्हणजे गाडी जवळजवळ उभी राहते, मग मागनं स्टँड दाबायचा. पहिल्या वेळी तरी पलीकडनं कुणीतरी धरा. चेन आणि मागचं चाक, एवढ्यासाठी हे स्टँड एक नंबर. पुढच्या चाकाला उपयोग शून्य.

एक प्रश्न आमच्या गल्लीत हमखास येतो. २०१९ च्या पुरानंतर कुठलंही उचलायचं यंत्र दिसलं की माणसं विचारतात, पुरात गाडी यावर चढवून ठेवता येईल का. नाही. जॅक पूर्ण वर गेला तरी हातभर पण होत नाही, आणि पाण्याच्या ओढीला गाडी जॅकवर राहणार पण नाही. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेचं पाणी इशाऱ्याच्या ३९ फुटावर आलं की गाडी सरळ वरच्या अंगाला पाहुण्यांकडं नेऊन लावायची, धोक्याचे ४३ व्हायची वाट बघायची नाही.

माझ्या जॅकला पाचात साडेतीन. अर्धा गुण मापाच्या थापेबद्दल कापला, अर्धा हँडलबद्दल, आणि अर्धा त्या रबराबद्दल. लोखंड आणि वेल्डिंग मात्र चांगलंय, वर्षात शॉकपचं सील, पुढची दोन पंक्चर, हँडलच्या बॉल रेसला ग्रीस, एवढं सगळं त्यावर झालं, कुठं वाकला नाही. पुढं-मागं अरुंद आहे त्यावर उपाय म्हणून आता उद्यमनगरात जाऊन बैठकीला खालनं दोन फूटभर लांब पट्ट्या वेल्ड करून घेणार आहे. वेल्डरला फोटो दाखवला तर म्हणाला, आधी आणला असतास तर सगळा जॅकच करून दिला असता. आता त्याला काय सांगू.