पंधराशे पंचावन्नचा बेल्ट: अक्कलकोट रोडवरचं अण्णांचं दुकान

मी खासगी पशुवैद्यक आहे. राहते सोलापुरात, पण काम मंद्रूप, वळसंग, मोहोळ, मंगळवेढा या पट्ट्यात. डिझेल गाडी हाच माझा दवाखाना. मागच्या बाजूला लसींचा बारा व्होल्टचा फ्रीज, शेजारी सोनोग्राफीच्या मशीनसाठी इन्व्हर्टर, टपावर दोन मोठे एलईडी दिवे. अडलेल्या म्हशीसाठी बोलावणं बहुतेक रात्रीच येतं आणि गोठ्यात वीज असेलच असं नाही. तेव्हा गाडी गोठ्यापुढं उभी करायची, इंजिन चालू ठेवायचं आणि त्या उजेडात काम करायचं.

गाडीचा मूळ अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणारं यंत्र, 70 अँपिअरचा होता. त्याच्यावर लिहिलेला आकडा इंजिन पळत असतानाचा असतो. उभ्या गाडीत, नुसत्या आयडलिंगवर, साधारण निम्मंच मिळतं. त्यात फ्रीज, इन्व्हर्टर, दिवे आणि रेडिएटरचा पंखा एकदम चालू झाले की बॅटरी उतरायला लागायची. लाळ्या-खुरकुताची लस 2 ते 8 अंशांतच ठेवावी लागते. एप्रिल-मेमध्ये बाहेर 42 अंश असताना फ्रीज बंद पडून आतलं तापमान वर गेलं, तर लस टाकून द्यायची वेळ येते. म्हणून मार्चमध्ये 120 अँपिअरचा अल्टरनेटर बसवून घेतला. तो चांगला आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. लिहायचंय ते बेल्टबद्दल, आणि ज्या दुकानानं तो बेल्ट नीट निवडून दिला त्याबद्दल.

इंजिनच्या पुढं नागमोडी फिरणारा जो एकच लांब पट्टा असतो त्याला सर्पेंटाइन बेल्ट म्हणतात. आपल्याकडं त्याला अजून फॅन बेल्टच म्हणतात आणि अल्टरनेटरला डायनॅमो. माझ्या गाडीत अल्टरनेटर, पाण्याचा पंप, एसी आणि पॉवर स्टिअरिंग हे सगळं या एकाच बेल्टवर आहे. तो तुटला तर चार्जिंग तर जातंच, पण पाण्याचा पंप थांबून इंजिन तापतं आणि गाडी आडरानात उभी राहते.

ज्यांनी अल्टरनेटर बसवला त्यांनी जुनाच बेल्ट परत चढवला. मी विचारलं तर त्यांनी तो उलटा करून दाखवला. "तडा नाही बघा कुठं. चालतंय अजून वर्षभर." मलाही पटलं. चौथ्या दिवसापासून सकाळी गाडी चालू केली की चीं चीं आवाज यायला लागला. एसी लावला की आणखी वाढायचा. बॉनेट उघडल्यावर अल्टरनेटरच्या अंगावर काळी भुकटी दिसली आणि बेल्टच्या बाहेरच्या कडेला धाग्याची बारीक कूस सुटलेली. कोणीतरी साबणाची वडी घासायला सांगितली. घासली. दोन दिवस आवाज गेला आणि परत आला.

मग एका दुकानात गेले. त्यांनी गाडीचं नाव आणि साल विचारलं, अल्टरनेटर बदललाय हे ऐकून घेतलं आणि "घसरतोय ना, मग जरा आखूड टाकू" म्हणून 1535 मिलिमीटर लांबीचा बेल्ट दिला. मेकॅनिकनं टॉमी लावून, जोर करून तो चढवला. आवाज बंद झाला आणि मी खूश. पण तीनच आठवड्यांत आयडलर पुलीतून, म्हणजे बेल्टला नुसतं वळण देणाऱ्या चाकातून, घरघर सुरू झाली. बेअरिंग गेलं होतं. नवीन पुलीला ₹650 गेले, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या दिवशी वळसंगला ठरलेलं लसीकरण पुढं ढकलावं लागलं.

अण्णांचं दुकान मला आमच्या शेजारच्या टॉवेल कारखानदारांनी सांगितलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यावर आहे. पाटीवर नाव नाही, 'बेल्ट, बेअरिंग, ऑइल सील' एवढंच रंगवलंय. खरं गिऱ्हाईक पॉवरलूमचं. छताला टांगलेले व्ही-बेल्ट, ए-सेक्शन, बी-सेक्शन अशा मापांचे, त्यावर खडूनं इंचाचे आकडे. एका बाजूच्या रॅकवर गाड्यांचे रिबवाले, म्हणजे आतून लांब धारा असलेले, बेल्ट खोक्यात, गेट्स, कॉन्टिटेक अशा कंपन्यांचे, लांबीप्रमाणे लावलेले. कंपनीप्रमाणे किंवा गाडीप्रमाणे नाही. हे मला तिथं पाऊल टाकल्या टाकल्या आवडलं, कारण मला जे हवं होतं ते नेमकं हेच होतं. माझी गाडी आता कुठल्याच कॅटलॉगमधली गाडी राहिली नव्हती.

मी गाडीचं नाव सांगायला लागले तसं अण्णांनी हात वर केला. "मॅडम, गाडीचं नाव राहू द्या. पुली बदलली का ते सांगा."

पुली बदलली होती, आणि मला ते माहीतच नव्हतं. नव्या अल्टरनेटरची पुली जुन्यापेक्षा लहान होती. जुना अल्टरनेटर डिकीतच पडलेला होता. अण्णांनी व्हर्निअर काढून दोन्ही मोजल्या. जुनी 60 मिलिमीटर, नवी 52. लहान पुली मुद्दाम देतात, त्यानं उभ्या गाडीतही अल्टरनेटर जोरात फिरतो. माझ्या क्रँकची, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्यावरची, बेल्ट फिरवणारी पुली 150 ची आहे. म्हणजे इंजिन 800 फेऱ्यांवर असताना जुना अल्टरनेटर 2000 फेऱ्या घ्यायचा, नवा 2300 घेतो. मला हवी होती ती वीज यातूनच मिळते.

पण लहान पुलीवर बेल्टची मिठीही लहान होते. अर्धा वेढा धरला तर 60 च्या पुलीवर बेल्ट 94 मिलिमीटर टेकतो, 52 च्या पुलीवर 82 च. आणि त्याच वेळी ओढायचं ओझं जवळजवळ दुप्पट. अण्णांनी ते त्यांच्या भाषेत सांगितलं. 120 अँपिअर गुणिले 14 व्होल्ट म्हणजे 1680 वॅट. अल्टरनेटरमध्ये बरीच शक्ती उष्णतेत जाते, म्हणून पूर्ण लोडवर बेल्टला पावणेतीन हजार वॅटच्या आसपास ओढावे लागतात, म्हणजे पावणेचार हॉर्सपॉवर. "एका साध्या लूमला एक एचपीची मोटर असते. तुमच्या त्या एका बेल्टवर आता चार लूम चालल्यागत झालंय. अन् एसी, पाण्याचा पंप वेगळाच." आमच्या घरातही एकेकाळी चादरीचे चार लूम होते. त्यांच्या मोटारींची घरघर मला अजून आठवते, म्हणून हा हिशेब डोक्यात पक्का बसला.

मग ते गाडीपाशी आले. बेल्ट काढायला लावला आणि खिशातून बारीक, न ताणणारी दोरी काढली. "सूत नको, सूत ताणतं," म्हणाले. आमच्या गावात हे वाक्य कुणालाही लगेच कळेल. मेकॅनिकला टेन्शनरचा, म्हणजे बेल्ट ताणून धरणाऱ्या स्प्रिंगच्या पुलीचा, हात पान्यानं दाबून धरायला सांगितला, पण अगदी मध्यावर. टेन्शनरच्या अंगावर दोन बारीक खुणा असतात आणि एक काटा असतो. बेल्ट बरोबर लांबीचा असेल तर तो काटा त्या दोन खुणांच्या मध्ये उभा राहतो. जुन्या 1575 च्या बेल्टवर काटा सैल बाजूची खूण ओलांडून गेला होता, तर 1535 च्या बेल्टवर दुसऱ्या टोकाला टेकून बसला होता. टेन्शनरमधल्या स्प्रिंगला हलायला जागाच नव्हती, म्हणून प्रत्येक धक्का थेट बेअरिंगवर जात होता. दुकानांत इतके दिवस फिरले, पण या दोन खुणा मला आधी कुणी दाखवल्या नव्हत्या.

दोरी सगळ्या पुल्यांवरून, बेल्टच्याच वाटेनं फिरवली, पेनानं खूण केली आणि काउंटरवर स्टीलच्या टेपला लावून मोजली. 1556 मिलिमीटर. मग त्यांनी हिशेबानंही ताळा घेतला. पुलीचा व्यास 8 मिलिमीटरनं कमी, अर्ध्या वेढ्यामुळं लांबीत साडेबाराची घट. जुना आणि नवा अल्टरनेटर शेजारी ठेवून बोल्टच्या भोकापासून दांड्यापर्यंत मोजलं तर नव्याचा दांडा क्रँकच्या बाजूला 5 मिलिमीटर जवळ. बेल्ट जातो आणि येतो, म्हणून त्याचे दहा. 1575 मधून साडेबावीस वजा केले की 1552 ते 1553. दोरी आणि हिशेब दोघं जवळजवळ एकाच जागी आले. "पंधराशे पंचावन्न. सिक्स पीके."

पीके म्हणजे रिबचा प्रकार. एका रिबच्या माथ्यापासून दुसऱ्याच्या माथ्यापर्यंत 3.56 मिलिमीटर. आधीचा 6 म्हणजे सहा रिब, नंतरचा आकडा मिलिमीटरमधली लांबी. व्ही-बेल्टवर बी-52 लिहिलं असलं तर ते 52 इंच आणि आतल्या बाजूनं मोजलेले असतात. लूमवाल्यांच्या दुकानात हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लटकत असतात, तेव्हा ही गल्लत करू नका.

बेल्ट चढवायच्या आधी त्यांना आणखी एक गोष्ट दिसली, आणि बेल्टच्या कडेला सुटलेल्या त्या धाग्यांचं कारण तेच होतं. नव्या अल्टरनेटरच्या पुलीला सात खाचा होत्या, बाकी सगळ्या पुल्यांना सहा. सातावर सहा रिबचा बेल्ट चालतो, त्यात चूक काही नाही. पण तो बाहेरच्या सहा खाचांत बसवला होता. म्हणजे अल्टरनेटरवर बेल्ट एका खाचेनं, साडेतीन मिलिमीटरनं, बाहेर. अण्णांनी स्टीलची सरळ पट्टी क्रँकच्या पुलीला टेकवून धरली आणि मला खाली वाकून बघायला सांगितलं. पट्टी आणि खाच यांच्यातली फट डोळ्यांना स्पष्ट दिसत होती. बेल्ट रोज तिरका होऊन आत शिरत होता आणि बाहेरची कड घासत होती. आतल्या सहा खाचांत लावल्यावर पट्टी चारी बाजूंनी बसली.

जुना बेल्ट मी फेकायला काढला होता, तर त्यांनी तो हातात घेतला आणि प्लॅस्टिकचं छोटं गेज त्याच्या खाचेत घातलं. गेज खोल जाऊन सैल डुलत होतं. पूर्वीचे निओप्रीनचे बेल्ट जुने झाले की तडकायचे, म्हणून तडे मोजायची सवय लागली. हल्लीचे ईपीडीएम रबराचे बेल्ट सहसा तडकत नाहीत, टायरसारखे झिजतात. 62,000 किलोमीटर चाललेला माझा बेल्ट दिसायला अजून धडधाकट होता, पण खाच रुंद झाल्यामुळं पकड गेली होती. साबणाबद्दल विचारलं तर म्हणाले, राळ लावायची ती पूर्वीच्या चामड्याच्या सपाट पट्ट्यांना. रिबच्या बेल्टला काही म्हणजे काही लावायचं नाही, धूळ चिकटते आणि खाच भरते. आवाज ओळखायचा असेल तर चालू इंजिनवर रिबच्या बाजूला लांबूनच थोडं पाणी फवारा, हात आणि ओढणी दूर ठेवून. आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय, क्षणभर गेला तर पुल्या एका रेषेत नाहीत.

आता दुकानाच्या उण्या बाजू. त्या दिवशी 1555 त्यांच्याकडं चांगल्या कंपनीचा नव्हता. 1560 चालेल का म्हणून मीच विचारलं, घाई होती. त्यांनी दिला नाही. पुण्याहून यायला दोन दिवस लागले आणि तेवढे दोन दिवस मला दुसऱ्याची गाडी मागून काम करावं लागलं. बेल्ट ते बसवून देत नाहीत, मेकॅनिक आपला आपण न्यायचा. समोर मालाचे ट्रक लागलेले असतात, गाडी उभी करायला जागा शोधावी लागते. बिल मागितलं तरच देतात. बेल्टचे ₹860 घेतले. मोजमापाचे मी देऊ केले तर घेतले नाहीत.

तेव्हापासून 9,000 किलोमीटर झाले. काटा खुणांच्या मध्येच आहे, कड साफ आहे. गाडी उभी, दिवे, फ्रीज, इन्व्हर्टर सगळं चालू असताना बॅटरीवर मल्टिमीटर 13.9 व्होल्ट दाखवतो, पूर्वी 12.4 वर यायचा. गेल्या महिन्यात मंगळवेढ्याजवळ एका वस्तीवर रात्री दीड तास इंजिन चालू ठेवून म्हैस सोडवली. रेडकू आडवं आलं होतं, ते सरळ करायलाच तासभर लागला. परत निघताना फ्रीजवर 4 अंश होते.

दुकान दुपारी एक ते चार बंद असतं, सकाळी दहापर्यंत गेलात तर अण्णांना वेळ असतो. जाताना जुना बेल्ट न्या, जुना अल्टरनेटर विकला नसेल तर तोही गाडीत टाका.