कोरियन शिकताना क्रियापदाची आधी औपचारिक 'म्निदा' शेपटी की आधी रोजच्या बोलण्यातली 'यो'?
म्निदा बनवायला सोप्पं, क्रियापदाच्या शेवटचा 'दा' उडवा, मागे स्वर उरला तर म्निदा, व्यंजन उरलं तर सुम्निदा, 'ल'चा एक अपवाद सोडला तर संपलं. जाण्याचं काम्निदा, खाण्याचं मॉक्सुम्निदा. पण हे बातम्या, मिलिटरी, मेट्रोतल्या अनाउन्समेंटचं वळण, दुकानात कोण असं बोलतं!

यो मध्ये सुरुवातीला डोकं फिरतं. 'दा' उडवल्यावर शेवटचा स्वर आ किंवा ओ असेल तर आयो, बाकी बहुतेक ऑयो, त्यात 'थंड'वालं चुप्ता चक्क चुवॉयो होतं, पाठच करा. पण जाण्याचं कायो एकदा जमलं की आवाज चढवून तोच प्रश्न, म्निदाला मात्र शेपूट बदलून म्निक्का करावं लागतं. ड्रामे बघून शिकणार असाल तर सरळ यो घ्या, म्निदा नंतर आठवड्याभरात उरकतं.