रेस अर्धीच उघडत होती आणि मी इंजिनाचे पैसे भरत होतो

बाबांची प्रीमियर पद्मिनी गाडी १९७६ ची. गिअर स्टेअरिंगवर, इंजिन १०८९ सीसीचं, आणि पावसाळ्यात पहिल्या चावीला चालू झाली की आई म्हणायची, "आज स्वारी खुशीत दिसतेय." बाबा गेल्यावर गाडी विकायची नाही एवढं आम्ही ठरवलं होतं. पण इंजिन धूर ओकत होतं, ऑइल पीत होतं.

पुण्यातल्या एका गॅरेजवाल्याने सुचवलं, ११८ एनईचं इंजिन गिअरबॉक्ससकट टाकू. कल्पना वेडगळ नव्हती. ११८ एनई ही प्रीमियरचीच गाडी, १९८५ मध्ये आलेली, आत निस्सानचं ११७१ सीसीचं इंजिन. पद्मिनीत ते बसवून घेणारे मी पाहिले होते. "दादा, मक्खन चालेल," म्हणाला. फिटिंगसह ६५ हजार. जुनं इंजिन भंगारात सहा हजारांना धरतो, तेवढे कमी द्या. मी खूश. त्या सहा हजारांचं नंतर सांगतो.

गाडी हातात आली. आवाज गोड, धूर नाही, पण ओढेना. सपाट रस्त्यावर साठच्या पुढे काटा सरकत नव्हता. दिवे घाटात दुसऱ्या गिअरमध्ये रडतखडत, मागे टेम्पोवाले हॉर्न मारतायत. परत नेली. "कार्ब्युरेटरचं किट गेलंय, दादा." म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनात सोडणाऱ्या भागाचं. ४,५०० रुपये. फरक नाही. "कार्ब्युरेटरच बदलू." ९,०००. फरक नाही. मग अगदी दुःखी चेहरा करून, "इंजिन जुनंच येतं ना, पिस्टनच्या रिंगा टाकाव्या लागतील." १८,०००. रिंगा खरंच टाकल्या की नाही देव जाणे. मी पाहायला गेलो तेव्हा हेड, म्हणजे रिंगांसाठी काढावा लागतो तो इंजिनाचा वरचा भाग, जागेवर होतं आणि एका जुन्या पेपरवर कुठल्यातरी गाडीच्या काळ्या रिंगा ठेवलेल्या होत्या.

चौथ्यांदा तक्रार केली तेव्हा त्याने माझ्यासमोर एक नट फिरवला आणि म्हणाला, "रेस टाइट केली, आता पळेल." पळाली खरी, पण थांबेना. सिग्नलला उभी असतानाही इंजिन गुरगुरत होतं. दोन दिवसांनी सासवडहून परत येताना घाटाच्या उतारावर पाय काढला तरी रेस खाली येईना. बायको शेजारी बसलेली. चावी एकच खटका मागे फिरवली, म्हणजे स्टेअरिंग लॉक होणार नाही एवढीच, गाडी गिअरमध्येच ठेवली आणि ब्रेकवर कडेला घेतली. हात थरथरत होते.

तिथून गाडी टोइंग करून हडपसरला एका वयस्कर मिस्त्रींकडे नेली. त्यांची उमेदीची वर्षं मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सींवर काम करण्यात गेलेली. मी इंजिनाची सगळी कर्मकहाणी सांगायला लागलो तर म्हणाले, "थांबा. आधी आत बसा, इंजिन बंदच ठेवा, आणि सांगतो तेव्हा रेस पूर्ण दाबा." त्यांनी एअर फिल्टर काढला, टॉर्च धरला. मी पेडल मॅटला टेकेपर्यंत दाबलं. "दाबलं?" "दाबलं." "पूर्ण?" "पूर्ण!" मग मला खाली बोलावलं, माझ्याच मुलाला पेडलवर बसवलं आणि कार्ब्युरेटरच्या नळकांड्यात डोकवायला सांगितलं. आतली बटरफ्लाय, म्हणजे रेस दाबली की उघडून इंजिनाला हवा देणारी पितळी चकती, जेमतेम अर्धी उघडली होती. मिस्त्रींनी बोटाने लिव्हर पुढे ढकलला तशी ती उभी राहिली, म्हणजे पूर्ण उघडली.

एवढंच होतं. चार महिने आणि ३१,५०० रुपये, सगळे त्या अर्ध्या चकतीपायी. किट, कार्ब्युरेटर, रिंगा, कशाचाच संबंध नव्हता.

मूळच्या इंजिनाला पेडलपासून कार्ब्युरेटरपर्यंत लोखंडी दांड्यांची जोडणी होती. नवीन इंजिनावर लिव्हरची जागा बदलली, दांडी पोचेना, म्हणून पठ्ठ्याने सायकलच्या ब्रेकची केबल टाकली होती. पेडलच्या दांड्यावर ती पिव्होटपासून, म्हणजे पेडल ज्यावर फिरतं त्या खिळ्यापासून, दोन बोटांवर अडकवलेली. पिव्होटच्या इतकं जवळ पकडलं की पाय कितीही खाली जावो, केबल थोडीच ओढली जाते. मिस्त्रींनी पट्टी लावून दाखवलं: पूर्ण दाबल्यावर केबल १८ मिलिमीटर सरकत होती, चकती पूर्ण उघडायला ३४ लागत होते. "टाइट" करून त्याने काय केलं, तर ओढ तेवढीच ठेवून केबल आखडली. त्यामुळे चकती उघडायला थोडी जास्त लागली, पण बंद होईना.

केबलचं बाहेरचं कव्हर त्याने बॉडीच्या पत्र्याला आवळलं होतं. इंजिन रबरी माउंटिंगवर डुलतं, बॉडी डुलत नाही. क्लच सोडताना इंजिन कललं की केबल आपोआप ओढली जायची. मला वाटायचं माझाच क्लच चुकतोय. शिवाय कव्हर सायलेन्सरच्या मॅनिफोल्डला घासून वितळलं होतं, आणि परतीची स्प्रिंग फक्त पेडलला. कार्ब्युरेटरवर एकही नाही. केबल आत चिकटली की चकती बंद करणारं कुणी नव्हतं.

मिस्त्रींनी पेडलवरचं भोक पिव्होटपासून लांब घेतलं, कव्हरची पट्टी इंजिनावरच बसवली, कार्ब्युरेटरच्या लिव्हरला दोन स्प्रिंगा लावल्या, पेडलखाली एक अडणी ठोकली, म्हणजे पायाचा सगळा जोर त्या लिव्हरवर येत नाही. पाय वर असताना केबलला किंचित ढील. चहा धरून दीड तास. १,४०० रुपये.

तेव्हा इंजिन बदललेल्या गाडीला "पिकअप नाही" म्हणून कुणी खोलायला सांगितलं, तर पैसे काढण्याआधी फिल्टर काढून घ्या आणि इंजिन बंद ठेवून घरातल्या कुणालातरी पेडलवर बसवा, चकती पूर्ण उघडते का बघा.

आता ते सहा हजार. आरटीओत इंजिन बदलल्याचं चौदा दिवसांत कळवावं लागतं हे मला या सगळ्यानंतर कळलं. त्यासाठी इंजिन कुठून आलं याचा कागद हवा. माझ्याकडे व्हिजिटिंग कार्डाच्या मागे लिहिलेले आकडे आणि गॅरेजवाल्याच्या भाच्याच्या नावावर गेलेलं एक यूपीआय पेमेंट. नवीन इंजिनावर नंबरच्या जागी ग्राइंडर फिरवल्यासारखी चकाकी आहे. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, पण तिथे वकील बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "बिल?"

पन्नास वर्षं झालेल्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणी मिळते. बाबांच्या गाडीची पन्नाशी आलीच होती. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, इंजिनासकट. म्हणून मी गॅरेजवाल्याला फोन केला, सहा हजार परत घे, माझं इंजिन दे. "ते दुसऱ्याच दिवशी गेलं, दादा. तुमच्यासारखेच एक शौकीन होते, बरे पैसे दिले."

त्या इंजिनाच्या टॅपेट कव्हरवर, म्हणजे वरच्या झाकणावर, बाबांनी दर दसऱ्याला पिवळ्या ऑइलपेंटने गिरवलेलं स्वस्तिक आहे, डावीकडचा एक हात जरा ओघळलेला. कुणाच्या बोनेटखाली दिसलं तर मला सांगा. आर. सी. वर अजून त्याचाच नंबर आहे.